पसंतीचं राज्य : लंडन

९ एप्रिल १९५६, सोमवार. अदिलाबाद.
दिवसभर दफ्तरखान्यात धूळ. राज्याचे तुकडे होणार हे नक्की, तेव्हा जुन्या मिसली, म्हणजे फायली, आतापासून वेगळ्या करून ठेवा, असा वरून हुकूम. किनवट आणि राजुऱ्याच्या मिसली मुंबई राज्याच्या ढिगात, उरलेल्या आंध्राच्या. मी जिल्हा कचेरीचा नकलनवीस. अठरा वर्षं याच कागदांच्या नकला केल्या, उर्दूत आणि मराठीत. त्यामुळे काम माझ्याच गळ्यात.
दुपारी एका गाठोड्यातून लंडन शहराचा नकाशा निघाला. कोण्या इंग्रज अफसराचा राहिला असणार. आमचे हेडक्लार्क, म्हणजे पेशकारसाहेब, त्यांना विचारलं, कोणत्या ढिगात टाकू? म्हणाले, हा ना मुंबईचा ना आंध्राचा, फेकून द्या.
फेकला नाही. घरी आणून भिंतीला चिकटवला. खोली एकदम मोठी दिसायला लागली.

१० एप्रिल.
यशवंतरावांनी (शेजारचं टेबल, अकरा वर्षं) चहाच्या वेळी पुन्हा तेच विचारलं, "वैनी कवा येऊन राह्यल्या?" आजूबाजूला चारपाच जण. रेणुका, माझी बायको, संक्रांतीपासून किनवटला भावाकडे आहे. आईचा पाय मोडला म्हणून आठ दिवसांसाठी गेली होती. पाय बरा झाला असं कानावर आहे.
म्हटलं, मीच ठेवलंय तिला तिकडं. मला विलायतेला जायचंय. लंडन.
बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे खरंच आहे, फक्त मलाच आजवर माहीत नव्हतं.
संध्याकाळी ठराव लिहून काढला. प्रस्थान १ नोव्हेंबर. मुक्काम सहा महिने. प्रवास पूर्ण इंडिपेन्डन्ट. ना कंपनी, ना गाइड, ना सोबत.

२२ एप्रिल, रविवार.
लंडनच्या रस्त्यांची प्रॅक्टिस. पद्धत माझी स्वतःची. कचेरी म्हणजे पार्लमेंट असं धरायचं, आणि नकाशातली वळणं पाठ करून तशीच इथं घ्यायची. तीन उजवी आणि दोन डावी घेतल्यावर राणीचा राजवाडा यायला हवा होता. गुरांचा बाजार आला. लंडनच्या हिशेबानं मी बरोबर होतो. अदिलाबादची आखणी चुकलेली आहे.
शेजारच्या वच्छलाबाई भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी विचारलं, त्या लिंबाला तुमी तीन चक्कर काऊन मारले? सांगितलं, कामानिमित्त.

१४ मे.
उष्णता फार. लोकरी कोट आणला, निजामाच्या फौजेतून सुटलेल्या एका जमादाराकडून. थंडी इथं मिळणार नाही, निदान कोटाची सवय तरी हवी. रोज कचेरीत घालून जायचं ठरवलं.

१५ मे.
दफ्तरखान्यात दुपारी दोनला जरा आडवा झालो. लोक म्हणतात भोवळ आली. यशवंतरावांनी टांग्यात घालून घरी आणलं. वच्छलाबाईंनी कोट काढला, डोक्यावर कांदा ठेवला आणि पन्हं पाजलं. म्हणाल्या, "किनवटले निरोप धाडू का?" नको म्हटलं. उगाच तिला वाटायचं, मी आजारी आहे.
लोकर हलक्या दर्जाची होती. दोष लोकरीचा.

२४ जून.
काट्यानं जेवायची प्रॅक्टिस. लोहाराकडून तीन दातांचा काटा करून घेतला. त्यानं आधी विचारलं, मासे मारायचेत का? ज्वारीची भाकरी काट्याला धरत नाही. तुकडा उडून नकाशावर, नदीच्या अंगाला पडला. तपास करणे : लंडनमध्ये भाकरी असते का.
नसेल तर प्रश्नच मिटला.

२५ जून.
वच्छलाबाईंनी पिठलं-भाकरी पाठवली. हातानं जेवलो. अपवाद म्हणून.

१५ जुलै, रविवार.
पासपोर्टचा फॉर्म मिळवला. फोटोही काढून घेतला, कोटात. फोटोवाला म्हणाला, थोडं हसा. पासपोर्टवर हसत नाहीत, असं त्याला सुनावलं.
सगळे रकाने एका बैठकीत भरले. माझं अक्षर पाहून तिकडचे लोक चकित होतील. शेवटून दुसरा रकाना : गैरहजेरीत कोणाला कळवावं? रेणुकाचं नाव लिहिलं. पुढं पत्ता. अदिलाबाद लिहावं तर ती इथं नाही. किनवट लिहावं तर ते कायमचं झाल्यासारखं दिसतं. सरकारी कागदावर एकदा गेलं की गेलं.
शाई वाळू दे म्हणून फॉर्म बाजूला ठेवला.

१ ऑगस्ट.
इजिप्तनं सुएझचा कालवा ताब्यात घेतला. चहाच्या हॉटेलात रेडिओभोवती गर्दी. माझी बोट तिथूनच जाणार, म्हणून सगळे माझ्याकडे पाहत होते. मी सांगितलं, काळजीचं कारण नाही. इजिप्तचं भांडण इंग्रजांशी आहे, माझ्याशी नाही.
बऱ्याच दिवसांत इतक्या लोकांनी माझं ऐकून घेतलं नव्हतं.
शाई अजून वाळते आहे.

३ सप्टेंबर.
कचेरीत छापील फॉर्म आले. प्रत्येकानं लिहून द्यायचं, १ नोव्हेंबरनंतर कोणत्या राज्यात नोकरी करायची इच्छा आहे. मुंबई की आंध्र. मुदत २९ सप्टेंबर. यशवंतरावांनी तिथल्या तिथं उभ्यानं मुंबई लिहिलं आणि माझ्यापुढं दौत सरकवली. म्हणाले, "भगवंतराव, इथं आता सारं तेलुगूत चालनार. आपल्याले कोन इचारनार हाय?"
खरं आहे. अठ्ठेचाळीसपर्यंत, म्हणजे निजाम जाईपर्यंत, माझ्या उर्दूसाठी लोक दारात बसत. मग उर्दू गेली. आता मराठी जाईल. पण मला त्याचं काय? नोव्हेंबरात मी इथं नसणारच.
फॉर्म खिशात ठेवला.

७ सप्टेंबर.
किनवटहून मेव्हण्याचं पत्र. उद्धवराव. किराण्याचं दुकान आहे. लिहितो, गणपतीला या, ताई वाट पाहते. किनवटच्या कचेरीत नकलनवीसाची जागा भरायची आहे, साहेबांच्या कानावर घातलंय.
डाव ओळखला. प्रवास हाणून पाडायचा बेत. उत्तरात लंडनच्या हवामानाविषयी चार पानं लिहिली. ताईनं स्वतः वाट पाहत असल्याचं का कळवलं नाही, हे विचारायचं राहिलं. तिला लिहिता येत नाही हे माहीत आहे. तरी.

१६ सप्टेंबर, रविवार.
रेणुका आली होती. सकाळच्या गाडीनं आली, संध्याकाळच्या गाडीनं गेली.
हातात मुक्कामाची पिशवी नव्हती, हे मी दारातच पाहिलं.
आल्या आल्या नकाशापुढं उभी राहिली. म्हणाली, "यात आपलं घर कुठं हाय?" मी समजावलं, हे लंडन आहे. ती म्हणाली, "ते मले समजते. तुमी कुठं राह्यनार, ते इचारून राह्यली." ते ठरलं नव्हतं. एका जागी बोट ठेवलं. नंतर पाहिलं तर तिथं तळं आहे.
"आन् मी?"
इंडिपेन्डन्ट म्हणजे काय ते तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग कंदिलाची काच पुसली. चूल पेटवली. वांग्याची भाजी केली. घरात फोडणीचा वास आठ महिन्यांनी. लोहाराचा काटा तिला सापडला, उलटापालटा करून पाहिला आणि काही न विचारता फळीवर ठेवून दिला.
जेवताना म्हणाली, "किनवटची जागा धरून ठेवली हाय उद्धवनं. फॉर्मवर मुंबई लिहा अन् या."
राहायचं कुठं, विचारलं. म्हणाली, दुकानामागं दोन खोल्या हायत. मी म्हटलं, मी मेव्हण्याच्या दुकानामागं राहत नसतो.
"मंग मी काऊन राहून राह्यली?"
बोटीवर कोणकोणती बंदरं लागतात ते तिला सांगितलं.
स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी हलायच्या आधी खिडकीतून म्हणाली, "संक्रांतीपासून आठ महिने झाले. आनाले कोनी आलं नाई." मी म्हटलं, कचेरीत मिसलींचं काम होतं. तिनं मान हलवली. पटलं असावं.
एकंदरीत भेट सक्सेसफुल. प्रवासाला तिची हरकत दिसली नाही.
भाजी उद्यापर्यंत पुरेल.

२८ सप्टेंबर.
फॉर्म समोर घेऊन बसलो. मुंबई लिहिलं तर मेव्हण्याचं दुकान. आंध्र लिहिलं तर रेणुकाला वाटेल, मी तिला सोडलं. दोन्ही बाजूंनी गैरसमज. कोणीतरी सरळ म्हणायला हवं होतं की मी घरी येते.
किंवा कोणीतरी जाऊन म्हणायला हवं होतं की घरी चल. पण ते माझ्या सवयीचं नाही.

२९ सप्टेंबर, शनिवार.
फॉर्म दिला. "कोणत्या राज्यात नोकरी करण्याची इच्छा आहे?" या रकान्यात लिहिलं : "तूर्त लंडन (सहा महिने). पुढील इच्छा परतल्यावर कळवण्यात येईल." माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात.
पेशकारसाहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "भगवंतराव, एकच शब्द लिहायचा होता." संध्याकाळपर्यंत वेळ दिला. नवा कोरा फॉर्मही पुढं ठेवला. मी म्हटलं, लिहिलं ते लिहिलं. यशवंतराव पाच वाजेपर्यंत माझ्याकडे पाहत बसले. आज त्यांनी एकही नक्कल केली नाही.
माणसानं आपली इच्छा स्पष्ट मांडावी. मी मांडली.

१४ ऑक्टोबर. दसरा.
सोनं द्यायला बाहेर पडलो. तीन घरी गेलो, दोन घरांना कुलपं. नांदेडकडे गेले म्हणतात. तिसऱ्या घरी सामान बांधणं चाललं होतं. आपट्याची पानं त्यांनी घाईघाईत एका ट्रंकेवर ठेवली. उरलेली वच्छलाबाईंना दिली. त्यांनी इतकी पानं पाहून विचारलं, बाकीच्यायले नाई दिलं का?
लंडनमध्ये दसरा नसतो. तेवढीच धावपळ वाचेल.

२७ ऑक्टोबर, शनिवार.
यशवंतराव गेले. किनवटची नकलनवीसाची जागा त्यांना मिळाली. मला सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. म्हणाले, तुमी हो म्हणले असते तं मी अर्जच केला नसता. मी त्यांचं अभिनंदन केलं. ही जागा मला नकोच होती, त्यामुळे ती गेल्याचं वाईट वाटण्याचा प्रश्न नाही.
स्टेशनवर मी एकटाच होतो. त्याच गाडीच्या डब्यात मिसलींची गाठोडी चढत होती, माझ्या हातच्या नकला. यशवंतरावांनी विचारलं, वैनीले काही निरोप? म्हटलं, लंडनहून पत्र पाठवीन म्हणावं.
त्यांनी माझा हात धरला. सोडायला वेळ लावला. गार्डानं शिटी दिली म्हणून सोडला, नाहीतर धरूनच बसले असते.

२९ ऑक्टोबर.
शेजारचं टेबल रिकामं. त्यावर माझी टोपी ठेवली, जागा वाया जाऊ नये म्हणून.

१ नोव्हेंबर, गुरुवार. नरक चतुर्दशी.
पहाटे अभ्यंगस्नान. पाठीला तेल लावायचं राहिलं. हात पोचत नाही.
कचेरीत झेंडा, भाषण, पेढे. हैदराबाद राज्य संपलं. आजपासून आंध्र प्रदेश. फळ्यावर यादी लागली. माझं नाव आंध्रात. पुढं शेरा : "पसंती कळवलेली नाही." हे साफ चूक आहे. मी दोन वाक्यांत कळवली होती.
आज प्रस्थानाचा दिवस. पासपोर्ट नसल्यानं प्रस्थान लांबणीवर.

३ नोव्हेंबर. पाडवा.
पेपर आला. सुएझमध्ये लढाई, कालव्यात जहाजं बुडवलेली, वाहतूक बंद. दोनदा वाचलं. म्हणजे मी वेळेवर निघालो असतो तरी अडकलोच असतो. माझ्याकडून कसूर नाही, हे आता सगळ्या जगाला माहीत आहे. हॉटेलात जाऊन सांगावं म्हटलं, पण माझी चौकशी करणारे सगळे गेले.
नवीन ठराव : उद्या भाऊबीज. किनवटला जायचं. प्रवासाची प्रॅक्टिस म्हणून. आणि जमल्यास एक वाक्य बोलायचं. वाक्य पाठ केलं : "घरी चल." दोनच शब्द आहेत.

४ नोव्हेंबर, रविवार.
गाडीत बसलो. मधे कुठंतरी राज्याची हद्द गेली. खिडकीतून बघत होतो, दिसली नाही. दोन्हीकडे कापूसच.
उद्धवरावांच्या दुकानात पाय ठेवला तर बाकावर एक म्हातारी, बयनाबाई, गूळ घ्यायला आलेली. ती एकदम उभी राहिली. "अगं बाई! जावईबापू विलायतेहून आले!"
उद्धवराव तराजू धरून थिजले. मला काही कळेना. म्हातारीनं रस्त्यावरून आणखी चारजणांना हाका मारल्या. कोणी खुर्ची दिली, कोणी चहा आणला. बयनाबाई म्हणाली, तिकडं तं गोरे होतात म्हनतात, तुमी तं काळे पडले. मग कळलं. रेणुकानं गावभर सांगितलंय की नवरा लंडनला आहे.
आता लोक विचारायला लागले. आणि मी सांगायला लागलो. नदी कुठून वळते, पूल किती, राणीच्या वाड्याकडे जायला कोणतं वळण घ्यायचं. एकही वळण चुकलं नाही. गर्दीत मागं यशवंतराव उभे होते. आठच दिवसांपूर्वी मी त्यांना अदिलाबाद स्टेशनवर निरोप दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि मोठ्यानं विचारलं, "आन् थंडी कशी हाय म्हनता तिकडं?"
मी म्हटलं, कोट लागतो.
तासभर बोललो. माझ्या आयुष्यातला इतका चांगला तास मला आठवत नाही. मधल्या दाराआड रेणुका उभी होती. बांगड्या वाजल्या, तेव्हा कळलं.
मग आतल्या खोलीत गेलो. तिनं पाहुण्यांच्या कपात चहा दिला. मी विचारलं, लोकांना असं का सांगितलंस? ती शांतपणे म्हणाली, "तुमीच तं गणपतीत सांगितलं, लंडनला चाललो. नवरा परदेशी हाय म्हनलं की कोनी कीव नाई करत. चार टेसनावर बसला हाय अन् आनाले येत नाई म्हनलं, की करतात."
मी वाक्य बोललो. "घरी चल." ठरवल्यापेक्षा हळू आवाजात झालं, पण बोललो.
तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "हे शिमग्यात म्हनले असते तं चप्पल घालाले बी थांबली नसती. आता सकाळी दुकानाचा गल्ला मी पाह्यतो. आईचं औषधपानी मी करतो. सवय झाली." मग म्हणाली, "तिथं तुमच्यापाशी येऊन मी काय करू? भित्तीकडं पाहू?"
मी म्हटलं, नकाशा काढून टाकतो. तिनं मान हलवली. रागानं नाही. रागानं असती तर मला समजलं असतं.
भावाला ओवाळून झाल्यावर तिनं लाडू बांधून दिले. दुकानात उद्धवरावांनी लोकांना सांगितलं, जावईबापूंना सुट्टी थोडी आहे, बोट गाठायची आहे. सात-आठ जण मला स्टेशनवर सोडायला आले. बयनाबाईनं पाठीवरून हात फिरवला. "सुखरूप पोचा," म्हणाली. त्यांच्यादेखत अदिलाबादच्या गाडीत बसणं अवघड होतं. पण त्या वेळी तिथून तेवढीच गाडी होती.

१२ नोव्हेंबर.
पासपोर्टचा फॉर्म पाहिला. शाई वाळली आहे. पत्त्याच्या रकान्यात किनवट लिहिलं. पाठवायची घाई नाही, कालवा उघडायला बरेच महिने लागतील असं पेपरात आहे.

१९ नोव्हेंबर, सोमवार.
कचेरीत तेलुगूचा वर्ग सुरू झाला. मराठीवाल्यांना सक्तीचा. मराठीवाले आम्ही तिघं. शिकवायला एक तरुण पंतुलु, म्हणजे मास्तर, माझ्या निम्म्या वयाचे. अक्षरं सगळी गोल. माझ्या हाताला उर्दूचं वळण, उजवीकडून डावीकडे जाणारं, त्यामुळे पाटीवर काही उमटेना. पंतुलु म्हणाले, असू द्या, आधी बोलायला शिका.
प्रत्येकाला एक प्रश्न विचारला. माझ्या वाट्याला आला : मी इंट्लो एवरेवरु उन्नारु? तुमच्या घरी कोण कोण असतं?
उत्तर त्यांनीच सांगितलं. नेनु ओक्कडिने. मी एकटाच.
मी म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, बाकीच्या दोघांना ऐकू जावं म्हणून. उच्चार पहिल्याच वेळी बिनचूक आला, असं म्हणाले.